विंचू चावल्याची वेळ

ता. केज, जि. बीड
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय शिवांजली,

माझं अक्षर पाकिटावर बघून दचकू नकोस. तब्येत ठीक आहे. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, आता ओळ सरळ येते. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर आपलं बोलणं ठरलेलं असतं. तू विचारतेस, अप्पा, जेवलात का, गोळी घेतली का. मी हो म्हणतो. तू विचारतेस, बाकी सगळं बरं आहे ना. मी म्हणतो, लई बरं आहे. मग तिकडं तुला कुणीतरी हाक मारतं आणि तू फोन ठेवतेस. गेल्या आठवड्यात दोनदा मी सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा 'यंदा थंडी लांबली' असलं काहीतरी बोलून गप्प बसलो. म्हणून आज पूजा झाल्यावर पाट मांडला आणि कागद घेऊन बसलो. हे एकटी असताना वाच, प्रयोगशाळेत नको.

इकडचं सांगायचं तर मागच्या भिंतीला गिलावा करून घेतला. शेजारच्या छबुबाईचे गुडघे गेलेत, पण जीभ तशीच आहे. तिची सून बबिता रोज सकाळी दुधाचं भांडं आणून ठेवते आणि सासूचा निरोपही सांगते, 'गुरुजीला म्हणावं चहात साखर कमी घाला.' शाळेत भिंतीवर मोठा पडदा आलाय. नव्या गुरुजींनी मला मुद्दाम बोलावून तो दाखवला. त्यावर मधमाशीच्या पंखाच्या शिरा दिसत होत्या. पोरं ओरडली. मला वाटलं, हे उमाला, तुझ्या आईला, दाखवायला पाहिजे होतं. मग शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो आणि तिथंच जरा वेळ उभा राहिलो. शाळेच्या फाटकापासून आपलं दार दोनशे पावलांवर आहे. मी कैकदा मोजलंय.

दिवाळीत तू चार दिवस आलीस, त्यातली एक दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळभर तू डोंगरावर दगड उलथत फिरली होतीस आणि झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांत लाल विंचू घेऊन आली होतीस. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून तू मला तुझं काम समजावून सांगितलंस. मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, मला कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं. तू माझ्याच जुन्या वहीवर चित्र काढलंस. मज्जातंतूच्या पेशीला बारीक बारीक दारं असतात, काही सोडियमची, काही पोटॅशियमची. सोडियम आत शिरलं की निरोप सुटतो. पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी पुन्हा शांत होते. विंचवाच्या विषातली काही प्रथिनं सोडियमची दारं मिटूच देत नाहीत, आणि काही अगदी लहान प्रथिनं पोटॅशियमच्या दाराच्या तोंडावर बूच बसावं तशी घट्ट बसतात. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, उलटी, छातीची धडधड, सगळं शरीर एकदम सुरू करतं आणि हृदय दमून जातं. आणि हेच बूच नीट ओळखता आलं तर उद्या त्याचंच औषध होऊ शकेल, असंही तू म्हणालीस, कारण काही आजारांत नेमकी तीच दारं मिटायची असतात. तू बोलत होतीस आणि मी तुझ्या बोटांकडं बघत होतो. हिशेबाला बसल्यावर उमाची बोटं अशीच हलायची.

मग तू वहीचं पान उलटलंस आणि म्हणालीस, 'अप्पा, आपल्या डोंगरातल्या विंचवाचं काहीतरी वेगळं आहे. बाकीच्या केसेस मी चाळल्यात. आईला एक वाजता चावला, सव्वादोनला विंचवावरची गोळी मिळाली, आणि तरी साडेतीनला तोंडाला फेस. इतक्या लवकर सहसा होत नाही.' तू केलेला तक्ता मला दाखवलास. कुणाला किती वाजता चावला, दवाखान्यात किती वाजता नेलं, पुढं काय झालं. पहिली ओळ आईची होती. उमाबाई, वय चौतीस, दंश दुपारी १.००. तुला आठवत असेल, मी तेव्हाच 'दूध उतू जाईल' म्हणून आत गेलो. चुलीवर दूध नव्हतं, पोरी. गॅससुद्धा बंद होता. मी आत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो होतो.

तुझा प्रबंध कपाटात आहे. तू मला दिलास त्या दिवशी मी अर्पणाची ओळ एकदाच वाचली. 'आईस, आणि तिला वाचवण्यासाठी धावलेल्या अप्पांस.' नातेवाईक आले की त्यांना दाखवा असं तू सांगितलं होतंस. मी कुणालाच दाखवला नाही. तुला वाटलं असेल, अप्पा संकोची आहेत.

आता तुझ्या आईचं सांगतो. तू पंधरा वर्षांची होतीस, तुला ती आई म्हणून आठवते. ती बाई म्हणून कशी होती हे मलाही उशिराच कळलं. ती सातवी शिकलेली. पण तुझं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक तिनं तुझ्याआधी वाचून काढलं होतं, हे तुला माहीत आहे का? तू झोपलीस की ती ते उघडून बसायची. एकदा तिनं मला विचारलं, 'अवो, पेशी म्हंजी डोळ्याला दिसती का?' मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी म्हटलं, 'तुला काय करायचंय त्याचं?' तिनं पुस्तक मिटलं. पुन्हा कधी विचारलं नाही. दिवाळीत तू वहीवर पेशी काढत होतीस तेव्हा मला हेच आठवत होतं.

तुझ्या परीक्षेच्या मार्च महिन्यातली ती सकाळ. तू इतिहासाच्या पेपराला केजला गेली होतीस, सकाळच्या गाडीनं. तू गेल्यावर उमानं मला ताट वाढलं आणि सांगितलं की लातूरला तिच्या भावाशी तिचं बोलणं झालंय, अकरावीला शिवा मामाकडं राहील, विज्ञान शाखा घेईल. मी म्हणत होतो केजलाच काय ते शीक, नाहीतर डी.एड. कर. हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं परस्पर ठरवलं, आणि तेही शाळेत जाता जाता मला हाक मारायला थांबलेले आमचे सहकारी शिक्षक दारात उभे असताना. मला ते झोंबलं. मी म्हणालो, 'या घरात कोण ठरवतं?' ती म्हणाली, 'आजवर तुमीच ठरवलं. ही एक गोष्ट मला ठरवू द्या.' आवाज चढवला नव्हता तिनं. तेच मला जास्त लागलं. मी ताट सरकवलं आणि उपाशी शाळेत गेलो.

मी गेल्यावर ती बैलाला वैरण टाकायला कडब्याच्या गंजीकडं गेली. पेंढी ओढताना उजव्या हाताच्या बोटाला विंचू चावला. लाल, लहानसाच होता. छबुबाईनं चपलेनं मारला. तेव्हा पावणेअकरा झाले होते. आमच्या शाळेची घंटा तेव्हाच झाली होती आणि छबुबाईनं ती ऐकली होती, म्हणून वेळ पक्की आहे.

छबुबाई अकराला शाळेच्या फाटकात आली. मी व्हरांड्यात होतो, ते सकाळचे शिक्षकही होते. ती म्हणाली, 'गुरुजी, उमावैनीला इच्चू चावला. लई ठणकतंय. घरी चला.' शेजारचे शिक्षक हसून म्हणाले, 'सोमलिंगराव, वहिनींचा राग उतरला वाटतं.' त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मला वाटलं, सकाळी एवढं बोलली आणि आता बोलावणं धाडते. बसू दे तासभर. मी छबुबाईला म्हणालो, 'कांदा चोळ म्हणावं. येतो मधल्या सुट्टीत.' आणि वर्गात गेलो. मी चौथीला भागाकार शिकवला.

मी पोरांना दरवर्षी सांगत असे की साप चावो की विंचू, मांत्रिकाकडं जायचं नाही, दवाखान्यात जायचं. आणि मी मांत्रिकाकडं नेलं नाही, हे खरं आहे. मी कुठंच नेलं नाही.

साडेबाराला छबुबाई परत आली. या वेळी तिनं फाटकात उभं राहून हाक मारली नाही, सरळ वर्गाच्या दारात आली. 'गुरुजी, वैनी घामानं वल्ल्या झाल्यात. हातपाय गार पडलेत. वकारी झाली दोनदा.' मी विचारलं, 'ठणका?' ती म्हणाली, 'ठणका कमी हाय म्हंत्यात.' ते ऐकून मला बरं वाटलं, शिवांजली. मी म्हटलं, उतार पडतोय. दुखणं कमी झालं म्हणजे विष भिनत नाही असं मला वाटलं. मी मास्तर होतो, मला एवढंही माहीत नव्हतं. दिवाळीत तूच सांगितलंस की ज्यांना विष जास्त भिनतं त्यांना कधीकधी दुखतं कमी, आणि गार हातपाय हीच खरी धोक्याची खूण. तू ते सहज सांगितलंस. मी त्या दिवशी छबुबाईला म्हणालो, 'अर्ध्या तासात येतो.' तिनं माझ्या हातातल्या खडूकडं बघितलं आणि गेली.

सव्वा एकला मी घरी पोचलो. दोनशे पावलं. उमा ओसरीवर आडवी होती, पदर भिजून अंगाला चिकटला होता, ओठ पांढरे. मला बघून ती उठायला लागली. राग नव्हता तिच्या तोंडावर. तो असता तर मला आज जरा सोपं गेलं असतं. मग मात्र मी पळालो. वरच्या आळीतली जीप मिळायला अर्धा तास गेला. तू प्रबंधात लिहिलंस ते धावणं एवढंच. जीपमध्ये तिचं डोकं छबुबाईच्या मांडीवर होतं. तिनं विचारलं, 'शिवाचा पेपर सुटला का?' मी म्हटलं, सुटला असेल. मग खड्ड्यांतून गाडी जात होती तेव्हा ती म्हणाली, 'लातूरचं तेवढं बघा.' मी हो म्हणालो. म्हणून तुला लातूरला पाठवलं. तू मला कितीदा म्हणालीस, अप्पा, तुम्ही मोठ्या मनानं पाठवलंत, आई नसताना एकटे राहिलात. ते मन माझं नव्हतं. मी फक्त हो म्हटलं होतं.

सव्वादोनला आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो. तिथले डॉक्टर आदिनाथ तुला आठवतात. नवीन होते, पंचविशी जेमतेम ओलांडलेली, मिशा पुरत्या फुटल्या नव्हत्या. त्यांनी उमाच्या तळहाताला हात लावला, नाडी बघितली आणि मला विचारलं, 'किती वाजता चावला?' दवाखान्यात माणसं होती. आपल्या गावची दोन-चार होती. मी म्हणालो, 'एकच्या सुमारास.' त्यांनी मान वर करून पुन्हा विचारलं, 'गुरुजी, नक्की? नीट आठवा. वेळ महत्त्वाची आहे.' मी म्हणालो, 'नक्की. एक.' मी घरी पोचलो त्या सुमाराची वेळ सांगितली. तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं की मला दिसलं तेव्हापासून मोजायचं. छबुबाई माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, १.००.

त्यांनी गोळी दिली, सलाईन लावलं, स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, 'लवकर आणलंत ते बरं केलंत. तासाभरात हातपाय कोमट व्हायला लागतील. मग बघू.' लवकर आणलंत, असं म्हणाले ते मला. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. तासभर मी त्या खाटेच्या पायथ्याशी उभा होतो आणि माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. दर पाच मिनिटांनी वाटायचं, आता सांगावं. आणि लगेच वाटायचं, आता सांगितलं तर विचारतील, मघाशी का नाही सांगितलं. साडेतीनला तिला खोकला आला आणि ओठावर गुलाबी फेस आला. डॉक्टर ताडकन उठले. पावणेचारला गाडी अंबाजोगाईच्या दिशेनं निघाली, ते स्वतः आत बसले. अंबाजोगाई चार-पाच किलोमीटर राहिलं असताना त्यांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. पुढचं तुला माहीत आहे. तू पाचच्या गाडीनं उतरलीस तेव्हा दारात माणसं होती. तू पहिला प्रश्न मला हाच विचारलास, 'अप्पा, वेळेत नेलं होतं ना?' मी म्हणालो, 'हो.'

त्या एका शब्दावर पुढचं सगळं उभं राहिलं. वेळेत नेलं आणि तरी गेली, म्हणजे चूक डॉक्टरची. तुझ्या मामानं दवाखान्यात जाऊन त्यांची कॉलर धरली. कुणीतरी खिडकीची काच फोडली. मी पायरीवर बसलो होतो. मी नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी लोक थांबले असते. गावात माझा शब्द चालायचा. दहाव्या दिवशी चौकशीला दोन माणसं आली. मी जबाब दिला, दंश दुपारी एकचा, आणि खाली सही केली. वळणदार, पूर्ण नाव. डॉक्टरांची बदली झाली. लोक म्हणाले, पोरगा शिकाऊ होता, बाईचा जीव घेतला.

जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते आपल्या घरी आले. हे तुला आठवतं, पण तू जे ऐकलंस ते अर्धंच होतं. ते अंगणातच उभे राहिले, वर आले नाहीत. हात जोडून म्हणाले, 'गुरुजी, चौकशीचं जाऊ द्या, ती झाली. मला फक्त शिकायचंय. मी रोज रात्री तो तास पुन्हा पुन्हा आठवतो आणि मला चूक सापडत नाही. पुढच्या पेशंटला मी काय वेगळं करू? एकदा खरं सांगा, किती वाजता चावला होता?' ते रडत नव्हते, भांडत नव्हते. विद्यार्थ्यानं उदाहरण चुकलं कुठं म्हणून वही पुढं करावी तसं विचारत होते. मी म्हणालो, 'एक वाजता.' आणि तेवढ्यात तू चौकटीत आलीस. दोन वेण्या, परीक्षा नुकतीच संपलेली. तू त्यांना म्हणालीस, 'तुम्ही मारलं माझ्या आईला.' त्यांनी तुझ्याकडं बघितलं. मग चप्पल घातली आणि गेले. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. पोरी, मी तुझ्या तोंडून ते बाहेर पडू दिलं. ते वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं, आणि मी ते पंधरा वर्षांच्या लेकराला बोलू दिलं.

छबुबाईनं आजवर कुणाला सांगितलं नाही. वर्षश्राद्धाला ती भाकरी थापत होती, तिथं एकटीच होती. मी विचारलं, 'बाई, तू बोलली का नाहीस?' ती भाकरी उलटत म्हणाली, 'लेकराला आता तुमीच ऱ्हायले, म्हून मी गप बसले. न्हाई तर त्याच दिशी बोलले असते.' त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. दूध येत राहिलं. गेल्या आठवड्यात मी तिला सांगितलं की शिवानं विचारलं तर सगळं सांग, काही झाकू नको. ती म्हणाली, 'लई उशीर केला गुरुजी.' तू तिला फोन कर. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं तुला आता काही कारण नाही, तिच्या शब्दावर ठेव.

आणि तुझ्या तक्त्याचं. उमाला पावणेअकराला चावला, गोळी सव्वादोनला मिळाली, फेस साडेतीनला आला. म्हणजे अडीच तास नव्हे, पावणेपाच तास. आपल्या डोंगरातला विंचू वेगळा असेल किंवा नसेल, ते तुझे डबे आणि तुझी यंत्रं सांगतील; पण तुझ्या आईच्या मरणातून ते निघत नाही. ती जशी कुणीही उशिरा नेलेली बाई जाते तशी गेली. त्या एका ओळीवर तू किती वर्षं घातलीस याचा विचार मी करू लागलो की मला पुढं करवत नाही. तू म्हणाली होतीस की या शंकेवरूनच तुला नव्या प्रकल्पाची मंजुरी मिळाली. त्याचं काय करायचं, वरिष्ठांना काय सांगायचं, हे तू ठरव. माझ्या सहीचा कागद सोबत जोडला आहे, चारही वेळा लिहून: चावल्याची, मला कळल्याची, गोळीची आणि फेसाची. कुणालाही दाखव. माझी अब्रू सांभाळायची म्हणून काही लपवू नकोस. तसं करायला लागलीस तर तू माझ्यासारखी होशील.

आता आज का लिहिलं ते. मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की डॉक्टर आदिनाथांचा पत्ता लागला, ते आष्टीत दवाखाना चालवतात, आणि येत्या शनिवारी तू त्यांना भेटायला जाणार आहेस. तू म्हणालीस, 'राग नाही अप्पा आता, पण त्यांना समोर बसून विचारणार आहे की त्या तासात नेमकं काय केलं.' मी हं म्हणालो आणि मंगळवारी सकाळी बीडला गाडी बदलून आष्टीला गेलो. माणसं ऊसतोडीला गेलेली, बाकावर म्हातारी आणि लहान लेकरं. मी नंबर लावून बसलो. त्यांचे केस पिकलेत, पण मला आत शिरताच ओळखलं. उठून उभे राहिले. मी उभ्यानंच सांगितलं. पावणेअकरा, आणि मला अकरालाच कळलं होतं. ते बराच वेळ टेबलावरच्या रक्तदाबाच्या यंत्राची नळी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, 'तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी थांबलो नसतो, पहिल्या पाच मिनिटांत पुढं पाठवलं असतं. वाचल्या असत्या का, ते मी आजही सांगू शकत नाही.' मी पायाशी वाकलो तर त्यांनी मला धरलं नाही, मागं सरकले. म्हणाले, 'मला तुमची माफी नको, गुरुजी. तुमच्या दारात ती दोन वेण्यांची मुलगी जे बोलली, ते मी एकोणीस वर्षं ऐकतोय. विंचवाचा पेशंट आला की आधी ती दिसते. तिला सांगितलंत का?' मी नाही म्हणालो, आणि तू शनिवारी येणार आहेस हे सांगितलं. 'मग आधी तिला सांगा,' म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हे पत्र उद्या सकाळी केजला जाऊन स्पीड पोस्टानं टाकतो, म्हणजे शनिवारच्या आधी तुला मिळेल. शनिवारी तू जा. चुकवू नकोस. ते तुझी वाट बघतायत, आणि तुला त्यांना काही विचारायचं नाही आता, सांगायचं आहे. तिथून निघाल्यावर मला फोन करावासा वाटला तर कर. नाही वाटलं तर मी समजेन.

तुझाच,
अप्पा